दोन शेगड्यांवर बारा पानांचा स्वयंपाक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात भाड्याच्या लहान घरात तुम्ही दोघे राहता आणि रोजचा स्वयंपाक घरीच करता. येत्या शनिवारी रात्री दहा मित्रमैत्रिणी जेवायला येणार आहेत, म्हणजे तुम्हांला धरून बारा पाने. घरात दोन बर्नरची गॅसची शेगडी आणि पाच लिटरचा कुकर आहे. बाहेरून मागवण्याची इच्छा नाही, साधे मराठी जेवण करायचे आहे. परंतु दोघांसाठी जमणारे प्रमाण सहापट केले की काहीतरी बिघडते, मागच्या खेपेस मसालेभाताचा गिचका झाला आणि उसळ तिखटजाळ झाली, असे तुम्ही लिहिले आहे. काय करावे, किती करावे आणि स्वयंपाक करणाऱ्यालाही मित्रांबरोबर बसता कसे येईल, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे लहान घरगुती पंगतींचा स्वयंपाक करत आले आहे, त्या कामातून जे कळले ते येथे सविस्तर लिहिते.

प्रमाणाकडे येण्यापूर्वी पदार्थांच्या निवडीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक घरांत गणित बिघडते ते तिथेच. घरी मित्र येणार म्हटले की मनात पुरी, भजी, बटाटेवडे असे पदार्थ येतात. हे सगळे पदार्थ कढईतून थेट पानात पडले तरच चांगले लागतात. बारा माणसांना गरम पुऱ्या वाढायच्या तर एक माणूस तळायला आणि एक लाटायला तासभर उभा राहतो, आणि ज्यांच्यासाठी मित्र आले ते दोघेच गप्पांना मुकतात. म्हणून पदार्थ निवडताना मी पहिला प्रश्न विचारते तो असा, की हा पदार्थ शिजल्यानंतर अर्धा-पाऊण तास थांबला तर त्याचे काय होईल. उसळ थांबली तर मुरते आणि अधिक चांगली लागते. मसालेभात झाकून ठेवला तर चांगला निवतो आणि मोकळा होतो. मठ्ठ्याला तर गॅसच लागत नाही. याउलट पिठले थांबले की घट्ट होऊन त्याची वडी पडते आणि भाकरी थांबली की वातड होते.

दुसरा प्रश्न शेगड्यांचा. तुमच्याकडे दोनच आहेत, म्हणून गरम पदार्थही दोनच ठेवावेत आणि बाकीचे पान थंड पदार्थांनी भरावे. शनिवारसाठी मी असा बेत सुचवते: तोंडली आणि मटार घालून मसालेभात, मटकीची उसळ, खमंग काकडी, मठ्ठा, घडीच्या पोळ्या, लिंबू, पापड आणि गोडाला श्रीखंड. यातील पोळ्या तुम्ही करू नयेत. प्रत्येकी दोन ते तीन धरल्या तर तीस पोळ्या होतात आणि दोन शेगड्यांपैकी एक दीड तास अडकून पडते. तुमच्या भागातील पोळी-भाजी केंद्रात आदल्या दिवशी सांगून ठेवा, संध्याकाळी आणा आणि सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. घरगुती जेवणात एक गोष्ट विकतची आली म्हणून त्याचे घरपण कमी होते असे मला अजिबात वाटत नाही. यजमान दमून पानावर बसला तर मात्र ते नक्की कमी होते.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येते. प्रमाण सहापट करताना सर्वच गोष्टी सहापट होत नाहीत, आणि यात सर्वांत मोठी फसगत पाण्याची होते. भातात आपण जे पाणी घालतो त्याचे दोन भाग असतात. एक भाग तांदूळ पितो. हा भाग तांदळाच्या प्रमाणातच वाढतो. दुसरा भाग वाफ होऊन उडून जातो; तो तांदळावर अवलंबून नसून भांड्याच्या तोंडावर, झाकण किती घट्ट बसते यावर आणि शिजण्याच्या वेळेवर अवलंबून असतो. दोघांचा भात लहान पातेल्यात करताना उडणारे पाणी एकूण पाण्याच्या मानाने बरेच असते. मोठ्या पातेल्यात तांदूळ सहापट झाला तरी उडणारे पाणी काही सहापट होत नाही. घरी एका वाटीला सव्वादोन वाट्या पाणी घालण्याची सवय असेल आणि तोच हिशेब धरला, तर तीन-साडेतीन वाट्या पाणी जास्त पडते आणि ते जाणार कुठे? तुमच्या भाताचा गिचका बहुधा याच पाण्याने केला असावा.

प्रत्यक्ष आकडे सांगते. पोळ्या आणि उसळ सोबत असताना एका माणसाला 80 ग्रॅम कोरडे तांदूळ पुरतात, म्हणजे बारा जणांना एक किलो. दोनशे मिलिलिटरच्या वाटीने मोजले तर ते जवळपास सहा वाट्या भरतात. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवून निथळून घेतले असतील तर झाकण ठेवून शिजवण्यासाठी दहा वाट्या पाणी, म्हणजे दोन लिटर, पुरेसे होते. तांदूळ जुना असेल तर एक वाटी अधिक घ्यावी, नवा असेल तर अर्धी कमी करावी. तांदूळ कोणता घ्यावा हेही महत्त्वाचे आहे. आंबेमोहर आणि इंद्रायणी हे दोन्ही माझ्या आवडीचे तांदूळ आहेत आणि दोघांच्या वरणभाताला त्यांच्यासारखे काही नाही, परंतु ते चिकट होतात आणि मोठ्या पातेल्यात वरच्या भाताच्या वजनाने तळाचा भात दबून त्याचा गोळा बनतो. बारा पानांच्या मसालेभातासाठी कोलम घ्यावा. तो मऊ शिजूनही सुटा राहतो आणि मसालाही चांगला धरतो. बासमतीने भात दिसतो छान, पण गोड्या मसाल्याचा भात पुलावाच्या अंगाने जातो, आणि मला ते रुचत नाही.

पाच लिटरच्या कुकरमध्ये हा भात एका वेळी करू नका. तांदूळ आणि डाळी यांच्यासाठी कुकर निम्म्यापेक्षा अधिक भरू नये, कारण त्यांचा फेस वर चढून शिटीची वाट बुजवू शकतो. एक किलो तांदूळ, पाऊण किलो भाज्या आणि दोन लिटर पाणी ही बेरीज त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. जाड बुडाचे सात ते आठ लिटरचे पातेले आणि घट्ट बसणारे झाकण मिळवा. शेजारी मागा, किंवा भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानातून आणा.

पातेले मोठे झाले तरी शेगडीची आच तीच राहते, हे भात बिघडण्याचे दुसरे कारण. मोठ्या पातेल्यात गार पाणी ओतले की ते उकळायला फार वेळ लागतो, तोवर तांदूळ कोमट पाण्यात पडून राहतो, आपण धीर सुटून तो ढवळत बसतो आणि दाणे मोडतात. म्हणून भाताचे पाणी नेहमी दुसऱ्या शेगडीवर आधण म्हणून उकळत ठेवावे. पातेल्यात एक वाटीला थोडे कमी तेल तापवून मोहरी, हिंग, हळद, दोन तमालपत्रे आणि चार-पाच लवंगा यांची फोडणी करावी, उभ्या चिरलेल्या अर्धा किलो तोंडल्या त्यात आधी परताव्यात, कारण तोंडली कडक असते आणि भाताबरोबर घातली तर कच्ची राहते. तोंडलीच्या कडा जरा सुरकुतल्या की पाव किलो मटार, मूठभर काजू आणि निथळलेले तांदूळ घालून चार-पाच मिनिटे हलक्या हाताने परतावे. तांदळाचा दाणा आधी पारदर्शक दिसतो आणि मग पांढरा पडू लागतो, पळी फिरवताना त्याचा आवाजही बदलतो, ओलसर खसखस जाऊन कोरडी खळखळ ऐकू येते. त्या वेळी गोडा मसाला सपाट चार पोह्यांचे चमचे, तिखट दोन छोटे चमचे, मीठ आणि थोडा गूळ घालून वरून आधण ओतावे.

मिठाचा हिशेब वजनाने करणे चांगले. या एवढ्या भाताला 35 ग्रॅमच्या आसपास मीठ लागते, म्हणजे सपाट सहा छोटे चमचे. आधण ओतल्यावर पळीभर पाणी चाखून बघावे. ते थेट प्यायला खारट वाटले पाहिजे. आमटीसारखे बेताचे लागले तर भात अळणी होणार, कारण तेच पाणी पुढे सगळा तांदूळ पिणार आहे. एकदा उकळी आली की आच मध्यम करावी, पाणी तांदळाच्या बरोबरीला येऊन वर भोके दिसू लागली की पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवावा, झाकण ठेवावे आणि अगदी मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे हात लावू नये. तव्यामुळे आच पसरते आणि बूड लागत नाही. गॅस बंद केल्यावरही पंधरा मिनिटे झाकण उघडू नये. नंतर पातेल्याच्या कडेने उलथने खाली घालून भात उचलावा आणि पलटावा. गोल फिरवून ढवळू नये. वर साजूक तूप, ओले खोबरे आणि कोथिंबीर पान वाढतानाच घालावी.

उसळीची तयारी गुरुवारी सुरू होते. अर्धा किलो मटकी गुरुवारी रात्री भिजत घालावी, शुक्रवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत शनिवार सकाळही उजाडते. मोड आले की शीतकपाटात ठेवावे, म्हणजे ते फार लांबत नाहीत आणि आंबूस वासही येत नाही. मोड आलेली मटकी किलोभर होते आणि बारा जणांना रश्शासह पुरते.

मोड आलेली मटकी कुकरमध्ये लावू नये, एक शिटी चुकली की तिचे पीठ होते. रुंद कढईत ती उघड्यावर शिजवावी आणि कढईवर खोलगट ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी घालावे. हा घरोघरी चालत आलेला प्रकार मोठ्या प्रमाणात फारच उपयोगी पडतो: ताटलीतील पाण्यामुळे झाकण तुलनेने गार राहते, आतील वाफ त्याला लागून पुन्हा उसळीत ठिबकते, बूड लागत नाही, आणि ताटलीतील पाणी दरम्यान तापत असल्यामुळे रस्सा आटला तर तेच गरम पाणी आत ओतता येते. गार पाणी ओतल्यास शिजणे थांबते आणि मटकी दडस राहते.

कांद्याविषयी एक सावधगिरी. सहा-सात कांदे अरुंद कढईत एकदम घातले की वरच्या थरातून वाफ निघू शकत नाही, कांदा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो आणि गोडसर, फिका राहतो. एक तर रुंद कढई घ्यावी किंवा कांदा दोन वेळा परतावा. तेल मात्र सहापट लागत नाही. ते कढईचे बूड झाकण्यापुरते आणि कांदा परतण्यापुरते असते, म्हणून अर्धी वाटी तेल पुरे होते. तिखटाच्या बाबतीत माझा नियम असा आहे, की आधी गणिताने येईल त्याच्या साठ-सत्तर टक्केच घालावे, कारण मोठी कढई जास्त वेळ उकळत राहते, रस्सा आटतो आणि आटताना तिखट-मीठ दोन्ही चढतात. तुमची उसळ तिखट झाली त्यामागे हेही असू शकते. मटकी बोटाने चेपली जाऊ लागली की शेवटी गोडा मसाला, गूळ आणि सात-आठ आमसुले घालावीत. आंबट आधी घातले तर कडधान्य शिजायला अडून बसते. आमसूल, चिंच, टोमॅटो सर्वांना हाच न्याय लागू आहे. बटाटा घालून रस्सा दाट करायचा असेल तर दोन मध्यम बटाटे पुरतात.

खमंग काकडीसाठी सव्वा किलो काकडी घ्यावी आणि प्रत्येक काकडीचे टोक चाखावे, कारण एक कडू काकडी सगळे पातेले कडू करते. चोचवलेली, म्हणजे सुरीने घाव घालून बारीक कापलेली काकडी, दाण्याचे कूट, ओले खोबरे आणि हिंग-जिरे-हिरवी मिरचीची फोडणी हे सर्व वेगवेगळे तयार ठेवून मीठ, साखर आणि लिंबू पाने मांडल्यावरच घालावे. मीठ लागताच काकडी पाणी सोडू लागते आणि दहा मिनिटांत कोशिंबिरीचे सार होते. बारा जणांत कोणाला शेंगदाणा चालत नाही का, हे आधीच विचारून घ्यावे. असे मित्र घोळक्यात असू शकतात, आणि दाण्याचे कूट दिसत नसल्यामुळे त्यांना ते कळणार नाही. काजूबद्दलही हाच प्रश्न विचारावा.

मठ्ठ्याला एक किलो दही आणि पावणेदोन लिटर थंड पाणी घ्यावे. आले, हिरवी मिरची आणि कोथिंबीर मिठाबरोबर ठेचून ताकात मिसळावी आणि अर्ध्या तासाने गाळून घ्यावे. चव येते पण दाताखाली काही येत नाही. हिंग-जिऱ्याची चिमूटभर पूडही घालावी.

शनिवारचा दिवस कसा लावावा? सकाळी खोबरे खवणे, आले-मिरची ठेचणे, मसाला आणि मीठ मोजून वाट्यांत काढणे एवढे करावे. कांदा आदल्या दिवशी चिरू नये, त्याला उग्र वास येतो. मंडळी साडेसातला येणार असतील आणि पाने साडेआठला घ्यायची असतील तर साडेपाचला उसळ चढवावी, ती सव्वासहापर्यंत उतरते. भाताचे तांदूळ सव्वासहाला भिजवावेत आणि पावणेसातला फोडणी करावी, म्हणजे बेल वाजेपर्यंत भात तव्यावर दमाला बसलेला असतो, ओटा पुसून झालेला असतो आणि तुमचे हात मोकळे असतात. मसालेभात त्या जाड पातेल्यात जाड टॉवेलने झाकून ठेवला तर तासभर चांगला गरम राहतो. साडेआठला फक्त उसळीला एक उकळी आणायची आणि पापड भाजायचे.

कोणी तरी आदल्या दिवशी विचारतेच की येताना काय आणू. त्याला काही नको असे उत्तर देऊ नये. मित्राच्या घरी रिकाम्या हाताने जाणे आपल्याकडे कोणाला आवडत नाही, आणि नको म्हटल्यावर तो तीन प्रकारची मिठाई घेऊन येतो. एकाला किलोभर श्रीखंड, एकाला बर्फ आणि लिंबे, एकाला पोळ्या केंद्रातून उचलून आणायला सांगावे. जो लवकर येतो त्याच्या हाती काकडी चोचवायला द्यावी. मी पाहिले आहे की ओट्याशी उभे राहून काहीतरी करणारा माणूस दिवाणखान्यात सरबत घेऊन बसलेल्या माणसापेक्षा लवकर मोकळा होतो.

येथे एक वेगळी गोष्ट नमूद करावीशी वाटते. बारा माणसांना मी भाकरी करू नका म्हटले, पण चार माणसे असतील तर पिठले-भाकरीसारखी मैफल नाही, आणि ती अवश्य करावी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाण्यात पीठ थोडे उकडले की त्यातील पिष्ट (स्टार्च) फुगून गोळा धरतो आणि भाकरी थापताना कडा चिरत नाहीत. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली असेल तर कितीही मळले तरी भाकरी तुटतेच; अशा वेळी हाताला दोष न देता पीठ बदलावे. चौघे असले की स्वयंपाकघरातच बैठक मांडावी, तव्यावरून उतरलेली भाकरी थेट ताटात जावी, फोडलेला कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मध्ये असावा, आणि भाकरी करणाऱ्याच्या जागी तिसऱ्या-चौथ्या भाकरीनंतर दुसऱ्याने बसावे.

शनिवारी भात उरणार, त्याविषयी काळजीपूर्वक सांगते. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ती सोडून द्यावी. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवण्याने मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांच्यापैकी काही जिवाणू असे विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. म्हणून जेवण आटोपताच उरलेला भात परातीत पातळ पसरावा, वाफ निघाली की उथळ डब्यांत भरून शीतकपाटात ठेवावा. शिजल्यापासून पातेले उघडे किंवा कोमट राहण्याचा वेळ दोन तासांपलीकडे जाऊ देऊ नये. ओले खोबरे पातेलेभर भातात न मिसळता पानावर घालण्याचे हेही एक कारण आहे, खोबऱ्याने भात लवकर उतरतो. उसळ मात्र निवून डब्यात ठेवली तर रविवारी सकाळी पाव, फरसाण आणि कांदा घालून तिची छान न्याहारी होते, आणि रात्री जे मुक्कामाला राहतील त्यांच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

ऐन वेळी आणखी दोघे आले तर घाबरू नका. मठ्ठ्यात अर्धा लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ वाढते, उसळीत ताटलीतील गरम पाणी आणि एक कुस्करलेला बटाटा जातो, आणि एक किलो तांदळाच्या भातात दोन पाने सहज निघतात. तेवढ्यासाठी दुसरा कुकर लावू नये.